गांडूळ ओळखावे पत्त्यावरून

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे शिकवले आणि २०११ साली निवृत्त झालो. या तीस वर्षांत गांडूळ हा प्राणी मी किती मुलांना शिकवला असेल, त्याची मोजदाद नाही. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेले गांडूळ, त्याच्या चौदाव्या ते सोळाव्या खंडावरचा जाड पट्टा, आतली पेषणी, पोटाच्या बाजूने जाणारी चेतारज्जू, हे सगळे मला झोपेतही सांगता आले असते. असा हा गांडुळांचा मास्तर. निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी घरामागे गांडूळखताचा खड्डा केला आणि दहा दिवसांत त्यातले एकूण एक गांडूळ मेले किंवा पळून गेले. आज मला जे सांगायचे आहे, ते या फजितीपासूनच सुरू होते.

मुळात मी या वाटेला गेलो तो खतासाठी नव्हे. आमच्या अंगणात दोन आंबे, एक जांभूळ, एक देशी बदाम आणि चहूबाजूंनी मेंदीचे कुंपण. पौष-माघात बदाम लाल होऊन पाने गाळू लागला, की रोज सकाळी दोन-दोन टोपल्या पाचोळा निघायचा. तो कोपऱ्यात साठवायचा आणि संध्याकाळी काडी लावायची, ही आमच्या घरची वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत. त्यात काही गैर आहे असे कधी मनातही आले नव्हते. शेजारी माई राहतात. त्यांना दम्याचा त्रास. निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एके संध्याकाळी त्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, आज पाने पेटवणार असाल तर आधी सांगा हं, म्हणजे मी बहिणीकडे जाऊन झोपते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून तर ते जास्त लागले. इतकी वर्षे दर हिवाळ्यात ही बाई दारे-खिडक्या लावून बसत असणार आणि आपल्या ते गावीही नाही! त्या दिवसापासून काडी बंद झाली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आणि साध्या प्रकारालाही ५,००० रुपये दंड सांगितला. मला मात्र कायद्याच्या कितीतरी आधी माईंनी थांबवले होते. जाळायचे नाही हे ठरले, पण मग एवढ्या पाचोळ्याचे करायचे काय? उत्तर जो तो एकच देत होता : गांडूळखत करा.

मी विचार केला, गांडुळे विकत कशाला आणायची? मृगाचा पाऊस पडून गेला होता. आंब्याच्या बुंध्याशी कुदळीचे दोन घाव घातले की ओंजळभर गांडुळे निघत होती. तासाभरात दीड-दोनशे गोळा केली. तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणला, त्यात साठवलेली वाळकी पाने भरली, वरून पाणी शिंपडले आणि गांडुळे सोडून दिली. तिसऱ्या दिवशी पाने वर करून पाहिले तर काही मरून दुर्गंधी सुटलेली, काही तळाच्या मातीत घुसत असलेली. दहाव्या दिवशी एकही गांडूळ नव्हते. आंब्याची पाने होती तशीच होती.

चूक काय झाली, ते कळायला मला माझीच जुनी पुस्तके उघडावी लागली. मी माती खाणाऱ्या प्राण्याला पानांच्या ढिगात कोंडले होते.

आपण सरसकट 'गांडूळ' म्हणतो, पण भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. त्या कुठे राहतात आणि काय खातात यावरून त्यांचे ठळक तीन गट पडतात. ही विभागणी मार्सेल बूशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रूढ केली. ती समजून घेतली की गांडूळखताचे निम्मे काम झाले म्हणून समजा.

पहिला गट कचऱ्यात राहणाऱ्यांचा. ही गांडुळे जमिनीच्या वरच, पाचोळ्याच्या थरात, शेणाच्या ढिगाखाली, कुजक्या ओंडक्याच्या सालीखाली सापडतात. माती ती फारशी खात नाहीत. कुजणारा पालापाचोळा हेच त्यांचे अन्न. अंगाने बारीक, रंगाने लालसर किंवा जांभळट आणि चपळ. उघड्यावरचे जिणे असल्यामुळे पक्षी, ऊन, मुंग्या यांचा धोका सतत असतो, म्हणून त्यांची वाढही झपाट्याने होते आणि संततीही भरपूर.

दुसरा गट जमिनीत उभी, खोल बिळे करणाऱ्यांचा. ही मंडळी राहायला खाली आणि जेवायला वर. रात्री बिळातून तोंड बाहेर काढायचे, एखादे पान धरायचे आणि ते आत ओढून न्यायचे, असा त्यांचा क्रम. आपल्याकडच्या शेतांत सापडणारे लॅम्पिटो मॉरिटी हे गांडूळ साधारणपणे याच गटात धरतात.

तिसरा गट जमिनीतच राहून माती खाणाऱ्यांचा. आडवीतिडवी बिळे करत, माती गिळत आणि तिच्यातल्या सेंद्रिय अंशावर जगत ही गांडुळे फिरतात. त्यांना पानांच्या ढिगात सोडणे म्हणजे माशाला झाडावर चढवण्यासारखे आहे. ज्याची शेकडो चिरफाडी मी केल्या, ते पाठ्यपुस्तकातले फेरेटिमा पोस्थ्युमा, आज ज्याला मेटाफायर पोस्थ्युमा म्हणतात, तेही मातीत राहणारे. तीस वर्षे मी गांडुळाच्या पोटात काय असते ते शिकवले, पण ते राहते कुठे हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नाही.

तेव्हा पहिला नियम असा : गांडूळ ओळखावे त्याच्या पत्त्यावरून. कुदळीने माती उकरून जे मिळते ते खताच्या टाकीत टाकू नये. पाचोळा किंवा शेण नुसते हाताने बाजूला केल्यावर जे दिसते, ते आपल्या कामाचे.

एवढे कळल्यावर दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. विटांची टाकी बांधून घेतली आणि एका विक्रेत्याकडून खताची म्हणून एक किलो गांडुळे आणली. त्याने सांगितले, "काही करू नका साहेब, नुसती सोडा." त्याच आठवड्यात मेंदी कापली होती, हिरवळीचे गवतही निघाले होते. तो सगळा हिरवा पाला टाकीत भरला, त्यावर ताजे शेण घातले आणि संध्याकाळी गांडुळे सोडली. सकाळी पाहतो तर टाकीच्या भिंतीवर, फरशीवर, पार मागच्या पायरीपर्यंत गांडुळेच गांडुळे! आत हात घातला तर चटका बसला.

ओला, हिरवा पाला आणि शेण एकत्र ढिगात रचले की आधी सूक्ष्मजंतू कामाला लागतात आणि त्यांच्या कामातून उष्णता निघते. ढिगाच्या पोटातले तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत सहज जाते. गांडुळाला मात्र साधारण ३५ अंशांच्या पुढे जगणे अवघड. शिवाय गांडुळाला दात नसतात. पेषणीत ते अन्न दळते खरे, पण त्यासाठी पान आधी जंतूंनी आणि बुरशीने मऊ केलेले असावे लागते. म्हणून गांडुळाला पहिल्या पंगतीला बसवू नये. पहिली पंगत सूक्ष्मजंतूंची, गांडुळाचे पान दुसऱ्या पंगतीला. या खेपेला माझे गांडूळ बरोबर होते, वेळ चुकली होती.

तिसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. एका जाणत्या गवळ्याच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेलो. शेणाच्या ढिगाचा कडेचा, जुना, गार झालेला भाग काठीने उलटला आणि खाली बारीक, जांभळट, निळसर चमक असलेली गांडुळे वळवळताना दिसली. बोट लावले की सापासारखी उसळायची. ती होती पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, आपल्याकडची देशी जात. जी वस्तू पैसे देऊन आणायला मी धावलो होतो, ती घरापासून अर्ध्या मैलावर फुकट होती. गवळीबुवा म्हणाले, "सर, शेण नेतात लोक. किडे नेणारे तुम्हीच पहिले."

आता मास्तरकी जागी झाली. मी तीन टाक्या केल्या. एकीत गोठ्यावरचे पेरिओनिक्स, दुसरीत आयसेनिया फेटिडा आणि तिसरीत युड्रिलस युजेनी. आपल्याकडे खतासाठी प्रामुख्याने हीच तीन वापरली जातात. तिन्ही टाक्यांना खाणे एकच आणि पाणीही एकच. वर्षभर निरीक्षण केले, ते थोडक्यात सांगतो.

आयसेनिया मूळचे युरोपातले. बोटभर लांब, तांबूस अंगावर पिवळट आडवे पट्टे, म्हणून त्याला टायगर वर्म असेही म्हणतात. हातात धरून त्रास दिला की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते. फेटिडा या नावाचा अर्थच दुर्गंधी. पण स्वभावाने सोशिक. साताऱ्याची थंडी त्याने काढली, सावलीत उन्हाळाही काढला. त्याच्या एका अंडकोषातून बहुधा दोन-तीन तरी पिल्ले निघतात आणि ती दीड-दोन महिन्यांत वयात येतात. नवशिक्याला सांभाळायला हे सर्वांत सोपे.

युड्रिलस पश्चिम आफ्रिकेतले. वीतभर लांब, जांभळट चकाकीचे आणि खादाड. भाद्रपद-आश्विनात त्याने बाकी दोघांना मागे टाकले. पण त्याला ऊब लागते. पौषातल्या थंडीत ते आखडून बसले आणि संख्या घटली. वैशाखात आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो, टाकीवरचे गोणपाट वाळले आणि परत येईपर्यंत निम्मी गांडुळे गेली होती. कोकणासारख्या उबदार, दमट हवेत ते अधिक रमेल.

पेरिओनिक्स पावसाळ्यात सर्वांत तरतरीत. त्याच्या अंडकोषातून बहुतेक वेळा एकच पिल्लू निघते, पण अंडकोष ते भराभर घालते. त्याचा दोष म्हणजे पळपुटेपणा. जोराचा पाऊस यायचा असला की रात्रीतून टाकीबाहेर. त्यावर सोपा उपाय सापडला. गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड त्वचेला कळतो आणि तो त्याला नकोसा असतो. पावसाळी रात्री टाकीवर एक लहान दिवा लावून ठेवला की पळापळ थांबते.

मग यातले चांगले कोणते? माझे उत्तर असे, की जिथली हवा तिथले गांडूळ. आसपासच्या उकिरड्यावर देशी गांडूळ मिळत असेल तर आधी तेच घ्यावे. चेन्नईचे डॉ. सुलतान इस्माईल यांनी पेरिओनिक्स आणि लॅम्पिटो या देशी गांडुळांवर खताची पद्धत बसवली आणि आपापल्या भागातली गांडुळे वापरा, असा आग्रह धरला. त्यामागे विचार आहे. उत्तर अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर देशी गांडुळे उरलीच नव्हती. तिथे युरोपातून आणि पुढे आशियातून माणसांबरोबर गांडुळे गेली आणि त्यांनी जंगलातला पाचोळ्याचा थरच खाऊन टाकायला सुरुवात केली. त्या थरावर जगणारी लहान रोपे, फुलझाडे उघडी पडली. म्हणजे इथे उपकारक असलेले गांडूळ दुसरीकडे उपद्रवी ठरते. परकी गांडुळे टाकीत पाळायला हरकत नाही, पण ती ओढ्याकाठी, डोंगरावर नेऊन सोडण्याचे पुण्य कुणी पदरी पाडून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती. टाकी सावलीत हवी. रुंदी तीन फुटांच्या आसपास ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. लांबी जागेप्रमाणे, उंची दोन फूट पुरे. तळाला पाणी निथळून जायला भोक हवे आणि तळात विटांचे तुकडे व नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. आंबा, फणस, बदाम यांची पाने चिवट आणि मेणचट असतात. ती पोत्यात भरून पायांनी तुडवावीत, चुरा जितका बारीक तितके काम लवकर. तीन भाग पाल्याला एक भाग शेण पाण्यात कालवून मिसळावे. वाळक्या पानांत कर्ब फार आणि नत्र थोडे. शेण, हिरवे गवत, स्वयंपाकघरातली भाजीची देठे यांनी नत्राची भर पडते. हा ढीग टाकीबाहेर ओला करून ठेवावा, आठवड्यातून एकदा उलथावा. साध्या पाल्याला तीन आठवडे पुरतात, आंब्याच्या पानांना दीड महिना लागतो. ढिगात मनगटापर्यंत हात घालून मिनिटभर ठेवता आला आणि आतून गार लागला, की गांडुळांचे पान वाढायला हरकत नाही.

मग हा माल टाकीत दीड फुटापर्यंत भरावा, त्याहून जास्त थर देऊ नये, तो पुन्हा तापतो. दहा चौरस फुटांना साधारण एक किलो, म्हणजे सुमारे हजारभर गांडुळे पुरतात. ती वर पसरून ठेवावीत, आपली आपण खाली जातात. वरून ओले गोणपाट. पाणी किती? मूठभर माल घेऊन घट्ट पिळावा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. गांडूळ त्वचेने श्वास घेते. त्वचा वाळली तरी ते गुदमरते आणि चिखलात हवा मिळाली नाही तरी गुदमरते.

निलगिरी आणि सुरूचा पाला टाळावा, लिंबू-संत्र्याच्या साली, मीठ-मसाल्याचे उष्टे आणि तेलकट पदार्थही नकोत. कीटकनाशक फवारलेल्या झाडांची छाटणी तर मुळीच नको. शत्रू पुष्कळ : मुंग्या, घुशी, मुंगूस, भारद्वाज, शेजारच्या कोंबड्या. टाकीभोवती चिंचोळा चर करून त्यात पाणी ठेवले की मुंग्या अडतात, बाकीच्यांसाठी वर जाळी. आणि मुंग्या आल्याच तर समजावे की आत कोरडे पडले आहे.

पाल्याचे खत व्हायला गांडुळे सोडल्यापासून अडीच-तीन महिने लागतात. चहाच्या भुकटीसारखा काळा, रवाळ माल दिसू लागला की पाणी बंद करावे. चार दिवसांनी उजेडात त्याचा ढीग करावा. गांडुळे उजेड टाळून तळाशी जातात. वरचे खत हलक्या हाताने काढून चाळून घ्यावे. चाळणीवर लिंबाच्या आकाराचे पण मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर दाणे राहतात. ते फेकू नयेत, ते अंडकोष आहेत. पुढच्या खेपेची गांडुळे त्यांतूनच येणार.

या खताबद्दल अवास्तव बोलू नये. त्यात नत्राचे प्रमाण टक्का-दीड टक्क्याच्या आसपास असते, तर युरियात ४६ टक्के. तेव्हा पोत्याला पोते अशी तुलना चालत नाही. या खताचे खरे काम मातीला भुसभुशीतपणा देणे, पाणी धरून ठेवणे आणि सूक्ष्मजंतू वाढवणे. कुंडीतल्या गुलाबाला मूठ-दोन मूठ पुरते.

इथवर सगळे बागेपुरते झाले. पण गांडुळाचा पत्ता न पाहिल्याने किती नुकसान होते, ते मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले. कऱ्हाडकडे त्याचा ऊस आहे. एक दिवस तो आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही गांडुळांचे मास्तर ना? पाच किलो गांडुळे विकत घेतली. रान भुसभुशीत होईल म्हणून विकणाऱ्याने सांगितले. चैत्रात खोडव्यात सोडली. आता एक दिसत नाही."

कोणती सोडलीस, म्हटले. त्याने वर्णन केले : तांबडी, पिवळ्या पट्ट्यांची. आयसेनिया! उकिरड्यावर राहणारे गांडूळ त्याने चैत्राच्या उन्हात उघड्या रानात सोडले होते. खायला पाला नाही, डोक्यावर सावली नाही, आणि खोल बीळ करून बसायची त्याची जात नाही. ती संध्याकाळसुद्धा टिकली नसतील.

मी विचारले, "ऊस तुटल्यावर पाचट काय करतोस?"

"पेटवतो सर. नाहीतर खोडव्याला पाणी कसे द्यायचे?"

मी अंगणात लावत होतो तीच काडी तो एकरांच्या हिशेबाने लावत होता. मी त्याला म्हटले, गांडुळे विकत घेऊ नकोस. तुझ्या रानात तुझी गांडुळे आहेत, खाली दडून बसली आहेत. तू दरसाल त्यांचे जेवण जाळतोस. त्याला ते पटले असे वाटले नाही, पण पुढच्या तुटीला त्याने निम्म्या रानात काडी लावली नाही. एका आड एक सरीत पाचट दाबले आणि मोकळ्या सरीने पाणी दिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "सर, पाचटाच्या सरीत गांडुळांची माती उठलीय. आणली नव्हती, तरी आली." आता तो सगळेच पाचट ठेवतो. विकत घेतलेल्या गांडुळांच्या पैशांचे मात्र त्याला आजही वाईट वाटते.

हा अनुभव मला फार शिकवून गेला. खत करणारी गांडुळे वेगळी आणि जमीन करणारी गांडुळे वेगळी. पहिल्यांना पाळायचे असते. दुसऱ्यांना पाळता येत नाही, त्यांना जगू द्यायचे असते. टाकीतल्या गांडुळांची एवढी कौतुके होतात, की आपल्या पायाखालच्या, जुन्या, बिनभाड्याच्या रहिवाशांची आठवणच राहत नाही.

चार्ल्स डार्विनने गांडुळांवर १८३७ साली पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या अवघे सहा महिने आधी, त्यांच्यावरच शेवटचे पुस्तक प्रसिद्ध केले. मधल्या काळात जगाला हलवणारे सिद्धान्त मांडले, पण गांडुळे सोडली नाहीत. कुंडीतल्या गांडुळांना त्याने पियानो ऐकवला, त्यांना ऐकू येत नाही हे पाहिले. मग कुंडी पियानोवरच ठेवली, तेव्हा कंपने जाणवून ती झटकन बिळात गेली. इंग्लंडमधल्या अनेक ठिकाणी एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्याने मांडला. हे सारे काम जमिनीत राहणाऱ्या गांडुळांचे. त्यांना कुणी आणून सोडले नव्हते.

आपण त्यांच्यासाठी करायचे ते फार थोडे. झाडाच्या आळ्यात जमीन उघडी ठेवू नये, पाचोळ्याचा चार बोटे थर राहू द्यावा. कुदळ कमी चालवावी. गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळे होतात, हा समज खोटा आहे. डोक्याकडचा भाग कधी कधी शेपटी पुन्हा वाढवतो, मागचा भाग मरतो. आणि विषारी औषधे जमिनीवर ओतू नयेत.

आमच्याकडे आता एवढेच करतो. आंब्यांच्या आळ्यात पाने पडतील तिथे राहू देतो. अंगणातला आणि बदामाचा पाचोळा टाकीत जातो. तीन टाक्यांपैकी आता दोनच चालू आहेत, एक आयसेनियाची आणि एक गवळीबुवांच्या उकिरड्यावरच्या पाहुण्यांची. माघ लागला की माई त्यांच्याकडची पानांची टोपली कुंपणावरून देतात आणि चैत्रात तुळशीसाठी डबाभर खत मागून नेतात. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्या कुंपणाशी उभ्या होत्या. दूर कुणाच्या तरी आवारातून पाने जळाल्याचा वास येत होता. मला म्हणाल्या, "सर, तुमच्याकडची थोडी गांडुळे त्यांना नेऊन द्या ना."

मी म्हटले, "माई, गांडुळे देईन. पण आधी तुम्ही जाऊन त्यांना ते बहिणीकडचे सांगा. माझ्यावर त्याचाच गुण आला होता."